मिलिट्री डिस्पोजलची जिप्सी घरी उभी करताना: आधी कागद, मग गंज, रंग सगळ्यात शेवटी

आर्मीच्या लिलावातली जिप्सी घेतलेली जी जी मंडळी मला फोन करतात त्यांची गोष्ट साधारण एकच असते. गाडी आणली, आठवड्यात धुवून पेंटरकडे दिली, मोठे टायर टाकले, फोटो काढले. मग ब्रेक उघडले तर व्हील सिलिंडर जाम, ते काढताना नव्या रंगावर ब्रेक ऑइल सांडलं, आणि सहा महिन्यांनी पासिंगला गेल्यावर कळलं की कागदच धड नाहीत. काम चुकीचं नसतं, क्रम उलटा असतो. म्हणून हे क्रमाने लिहितोय. सगळं पेट्रोल जिप्सीबद्दल आहे, म्हणजे १३०० सीसीची एमजी ४१३ डब्ल्यू, जिला आपण जिप्सी किंग म्हणतो, तिचं कार्ब्युरेटरवालं आणि नंतरचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवालं) मॉडेल. जोंगा (आर्मीची जुनी निस्सान) किंवा जुनी जीप असेल तरी क्रम हाच, पार्ट वेगळे.

टप्पा १: पैसे भरायच्या आधी कागद

आर्मीच्या गाडीला आरटीओचं आरसी बुक कधीच नसतं, तिचा नंबर वेगळा, वर टोक केलेल्या बाणाचा. त्यामुळे ही साधी ट्रान्सफर नाही, पहिल्यांदा होणारं रजिस्ट्रेशन आहे. सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्स १९८९ च्या नियम ४७ प्रमाणे अर्ज फॉर्म २० वर, आणि त्यासोबत आर्मीच्या संबंधित ऑफिसने दिलेलं ओरिजिनल सेल सर्टिफिकेट, फॉर्म २१. झेरॉक्स चालत नाही. "मूळ कागद दुसऱ्या पार्टनरकडे आहेत, नंतर पाठवतो" असं दलाल म्हणाला की तिथूनच गाडी फिरवा.

लिलाव बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर होतात. लॉटचं वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. स्क्रॅप म्हणून विकलेली गाडी ही स्क्रॅपच, तिला नंबर मिळणार नाही, पार्टसाठी घेतली तर ठीक. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्या रजिस्टर्ड स्क्रॅपिंग सेंटरला द्यायचा नियम आहे (संरक्षणाच्या ऑपरेशनल कामाच्या खास गाड्यांना त्यातून सूट आहे), त्यामुळे जुनी जिप्सी कुठल्या मार्गाने बाहेर आली हे कागदावर दिसलं पाहिजे. बाणानंतरचे दोन आकडे गाडी सैन्यात आल्याचं वर्ष सांगतात. दलाल २०१० म्हणत असेल आणि पुसट नंबरात ९८ दिसत असेल तर काय ते समजून घ्या.

थांबा आणि तपासा: चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून सेल सर्टिफिकेटशी एकेक अक्षर जुळवा. ८ चा ३ झाला असेल तर तो आत्ता दुरुस्त होतो, नंतर आर्मीच्या ऑफिसात तुम्हाला कोण उभं करणार?

पैसे भरण्याआधी तुमच्या आरटीओत जाऊन "एक्स-आर्मी गाडीचं पासिंग इथे कसं होतं" एवढं विचारून या. अर्धा दिवस जाईल पण जाऊ दे. आणि गाडी घरी टोइंगवर आणायची, चालवत नाही. रजिस्ट्रेशन नाही, इन्शुरन्स नाही, वाटेत कुणाला लागलं तर संपलात.

टप्पा २: गाडी बघायला जाताना

सोबत तीन वस्तू: लोहचुंबक, बोथट स्क्रूड्रायव्हर, टॉर्च. कपडे खराब होतील असेच घालून जा कारण खाली झोपावं लागणार.

बॉनेट नंतर उघडा. आधी चासी. मागचं क्रॉस मेंबर, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलचे हँगर, बॉडी माउंटच्या आजूबाजूचा भाग इथे स्क्रूड्रायव्हरने ठोकत जायचं. चांगला पत्रा टण्ण वाजतो, सडलेला धप्प. मग आतला मॅट उचलून फ्लोअर, मागच्या चाकांच्या कमानी, विंडशील्ड फ्रेमची खालची कड. आर्मीत रंगावर रंग, तोही ब्रशने मारलेला असतो, त्यामुळे वरून गाडी गुळगुळीत नाही पण अखंड दिसते आणि आत चाळण झालेली असते. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पुटी आहे.

इंजिनची मी एवढी काळजी करत नाही. इंजिनाचे पार्ट मिळतात आणि काम करणारेही गल्लोगल्ली आहेत. सडलेली चासी घेऊ नका, किती स्वस्त असली तरी.

टप्पा ३: पहिला आठवडा पाना लावायचा नाही

हे कुणालाच पटत नाही. पण पहिल्या आठवड्यात फक्त तीन कामं. एक, फोटो. प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो, शिम (फटीत घालायची पातळ चकती) कुठे आहे, दोन-दोन अँगलने. दोन, खालच्या प्रत्येक नटबोल्टवर गंज सोडवणारं ऑइल, रोज संध्याकाळी, सात दिवस. तीन, जागा. सिमेंटची सपाट फरशी, वर शेड, आणि चार मजबूत घोड्या (गाडी उचलून ठेवायचे स्टँड). मातीवर घोडी लावून खाली शिरू नका, विटा लावून तर अजिबात नाही.

नटबोल्ट ठेवायला झिप लॉकच्या पिशव्या, त्यावर मार्करने नाव. "पुढचा उजवा शॉकअप, वरचा" असं पूर्ण लिहायचं. मी पहिल्या गाडीला सगळे बोल्ट एका श्रीखंडाच्या डब्यात टाकले होते, शेवटी जोडताना अकरा उरले. त्यातले तीन कुठले होते ते मला अजून माहीत नाही.

टप्पा ४: इंजिन उघडायच्या आधी मोजा

मेकॅनिक गाडी बघताच म्हणेल "इंजिन काम निघालंय साहेब". निघालं असेलही. पण आधी मोजायचं.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, वार्निशसारखा वास येतो ते टाकाऊ. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल, रात्रभर तसंच. सकाळी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करायचा नाही, पुन्हा ऑइल आणि पुन्हा वाट. मोकळं फिरलं की नवं ऑइल, नवा फिल्टर, प्लग बाहेरच ठेवून आणि इंधन व प्लगचा स्पार्क बंद ठेवून स्टार्टर मारा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. मगच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी फुल चार्ज असताना. साधारण १७० पीएसआयच्या वर आणि चारही सिलिंडरमधला फरक १५ च्या आत असेल तर इंजिन तसंच ठेवा, पैसे वाचले. एखादा कमी आला तर त्यात थोडं ऑइल टाकून परत मोजा: वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

टायमिंग बेल्ट किलोमीटर न बघता बदला, उभ्या गाडीचं रबर वयाने जातं. थर्मोस्टॅट जागेवर आहे का पाहा, "गाडी तापते" म्हणून कुणीतरी काढून टाकलेला असतो. इंधनाचे सगळे रबरी पाइप नवे घाला आणि इथेनॉलला चालणारे मागा, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुनं रबर त्यात फुगतं.

सावध: टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक, कारण आत वाफ असते. टाकीचंच काम करणाऱ्याकडे द्या नाहीतर दुसरी शोधा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पायपीट केली की मिळते.

टप्पा ५: चासी आणि पत्रा

इथे सगळ्यात जास्त वेळ जाणार, माझे चार महिने गेले, फक्त शनिवार-रविवार धरून. जमत असेल तर बॉडी चासीवरून उचलाच. जिप्सीची बॉडी बोल्टवर बसलेली आहे, वायरिंग, स्टिअरिंग, ब्रेकचे पाइप, गिअरचे लिव्हर सुटे केले की सहा माणसं सहज उचलतात, हूडच्या (ताडपत्रीच्या छताच्या) गाडीला तर वर काहीच वजन नाही. बॉडी माउंटच्या रबरांखाली शिम असतील तर कुठे किती होते ते लिहून ठेवा नाहीतर नंतर दरवाजे बसत नाहीत.

माझ्या गाडीच्या चासीच्या बॉक्समध्ये हवा मारली तर बारीक पिवळसर वाळू निघाली, ओंजळभर नाही, अर्धी बादली. गाडी वाळवंटात होती हे तेव्हा कळलं. ती वाळू आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून ठेवते आणि चासी आतून खाते. त्यामुळे नुसतं बाहेरून घासून भागत नाही: प्रत्येक ड्रेन होल मोकळं करा, पाण्याने आतून धुवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग आत मेणासारखं कॅव्हिटी कोटिंग नळीने सोडा.

सडलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा आणि नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने लावायचा. गंजावर पत्रा ठेवून चार टाके मारणारे टिंकर खूप आहेत, दोन पावसाळ्यांत ते ठिगळ लोंबतं. चासीचं वेल्डिंग मात्र ज्याला चासीचा अनुभव आहे त्यानेच करावं, आणि त्याआधी बॅटरी आणि ईसीएमचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढलेले हवेत.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. नुसता रेडऑक्साइड मारून महिनाभर सोडला तर तो पाणी पितो आणि खालून गंज परत येतो. क्रम असा: स्वच्छ पत्रा, इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, मग पुटी. उघड्या लोखंडावर थेट पुटी नाही.

सावध: चासी नंबरच्या आजूबाजूला वीतभर जागेत ग्राइंडर नको आणि अंडरबॉडी कोटिंगही नको. पासिंगला त्या नंबरचा पेन्सिलने छाप घेतात. मी डांबरासारखं जाड कोटिंग त्यावरूनच मारलं होतं, मग भर उन्हात इन्स्पेक्टर उभे आणि मी रॉकेलचा बोळा घेऊन खाली झोपलेलो. नंबर साफ करा, पातळ ग्रीसचा हात द्या, बस.

टप्पा ६: पाटे, एक्सल आणि ती प्रसिद्ध थरथर

जिप्सीला चारही बाजूंना पाटे आहेत. बुश आणि शॅकल सगळे नवे घाला. पाट्यांचे बोल्ट गाडी घोडीवर असताना फक्त हाताने आवळायचे, शेवटचं टाइट गाडी चाकांवर उभी करून, वजन पडल्यावर. लटकत्या एक्सलवर टाइट केलं की रबर बुश पिळलेल्या अवस्थेत बसतो आणि दोन महिन्यांत फाटतो. हे गॅरेजवालेही चुकवतात.

५५-६० च्या स्पीडला स्टिअरिंग थडथडा हलतं ही तक्रार दहातल्या आठ जणांची. लोक अलाइनमेंट करतात, मग स्टिअरिंग डँपर लावतात, थरथर दबते, कारण तसंच राहतं. करायचं असं: पुढचं चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा, दुसऱ्याला आतून बघायला सांगा. चाकासोबत नकल (हब धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) पण हलत असेल तर किंगपिन बेअरिंग (नकल ज्यावर वळतं ते), फक्त हब हलत असेल तर व्हील बेअरिंग. डावी-उजवीकडे खेळ असेल तर टाय रॉड एंड. किंगपिनचा ताण शिमने जमवतात आणि तो ताणकाट्याने ओढून मोजतात. "हाताला बरं वाटतंय" असं म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

नकल उघडलात की आतलं ग्रीस बघा. घट्ट असेल तर छान. पातळ पिठल्यासारखं वाहत असेल तर एक्सलचं आतलं सील गेलंय, डिफरन्शियलचं (एक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं) ऑइल तिकडे येतंय, सील बदलल्याशिवाय नवं ग्रीस भरणं म्हणजे पैसे ओतणं.

दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (फोर व्हीलचा गिअरबॉक्स), चारही ठिकाणचं ऑइल बदला. आणि भरायचा बोल्ट आधी सैल करून बघा, मगच काढायचा बोल्ट खोला. उलटं केलंत आणि वरचा बोल्ट सुटलाच नाही तर रिकामी डिफरन्शियल घेऊन बसाल. जुनं ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, ब्रीदर पाइप चोंदलाय का बघा. मागच्या डिफरन्शियलवर पांढरा रंग दिसेल, तो कॉन्व्हॉय लाइटसाठी, रात्री मागच्या गाडीला तेवढंच दिसावं म्हणून. खरवडून काढायची घाई नको, तिथला गंज मात्र बघा.

टप्पा ७: ब्रेक

इथे जुनं काही वाचवायचं नाही. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपरचं सील किट, तिन्ही रबरी होज, सगळं नवं. लोखंडी पाइप पट्टीखाली जिथे क्लिप असते तिथे गंजतो, क्लिप काढून बघा. जुन्या लायनरची धूळ हवा मारून उडवू नका, ॲसबेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

ब्लीडिंग (पाइपमधली हवा काढणं) मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू. अर्धवट उघडी पडलेली ब्रेक ऑइलची बाटली वापरू नका, ते हवेतलं पाणी ओढतं.

तपासा: इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय. गाडी अंगणाबाहेर काढायची नाही.

टप्पा ८: वायरिंग

आर्मीच्या गाडीत जादाची वायरिंग असते, ब्लॅकआउट लाइटची, काही गाड्यांत वायरलेसची, आणि गाडी बाहेर टाकताना सामान काढून घेतात पण वायरी कापून तशाच सोडतात. एकेक वायर टोकापर्यंत शोधा, जी कुठेच जात नाही ती काढा. डॅशबोर्डखाली टेपने गुंडाळलेला मोठा गोळा दिसला तर घाबरू नका, अर्ध्या वायरी मेलेल्याच असतात.

अर्थिंगच्या तीन जागा: बॅटरी ते चासी, इंजिन ते चासी, बॉडी ते चासी. तिन्ही जागी रंग खरवडून चकचकीत लोखंडावर बोल्ट. रेस्टोर केलेल्या गाडीत दिवे मंद आणि काटे नाचतात त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

टप्पा ९: आता रंग

ऑलिव्ह ग्रीन नाही. नियम १२१ सरळ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याच गाडीला तो रंग देता येत नाही. "बॅटल ग्रीन", "जंगल मॅट" अशी नावं देऊन दुकानदार तोच डबा विकतो, नाव बदलल्याने रंग बदलत नाही. बाणाचा नंबर, युनिटची चिन्हं हेही पुसायचं, हौस म्हणून पण ठेवायचं नाही. पांढरा, करडा, वाळूसारखा फिकट, लाल, काहीही घ्या, आणि सेल सर्टिफिकेटवर रंगाचा उल्लेख असेल तर आरटीओत आधी विचारा.

जून ते सप्टेंबर रंगाचं नाव काढू नका, हवेतल्या ओलीने फिनिश दुधाळ होतो. जुना रंग घासताना आणि टू-के (हार्डनर मिसळायचा) पेंट मारताना साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, केमिकल कार्ट्रिजचा लागतो, आणि टू-केसाठी बूथवाल्याकडेच द्यावं असं माझं मत. घरी प्रायमरपर्यंत करा.

हूड ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेताना गाडी तिथे न्या. माप कागदावर दिलेला एकही हूड मला नीट बसलेला आठवत नाही.

टप्पा १०: अपग्रेड, जेवढं चालतं तेवढंच

कायद्याचा मुद्दा आधी. मोटर व्हेइकल ॲक्टच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. त्यामुळे परवानगीशिवाय डिझेल इंजिन, कापलेली बॉडी, बुलबार, छतावर एलईडी बार हे सगळं विसरा. मोठ्या टायरनी जिप्सी रुबाबदार दिसते हे खरं, पण ६० ते ८० हॉर्सपॉवरचं इंजिन घाटात रडतं, ब्रेक कमी पडतात, स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि किंगपिन पुन्हा जातात. कंपनीच्या साइझचेच चांगले टायर घ्या.

जे करायचं त्यात पहिलं हेडलाइटची रिले वायरिंग. मूळ करंट सगळा कॉम्बी स्विचमधून फिरून येतो, रिले लावून बॅटरीपासून सरळ दिलात की तोच ६०/५५ वॉटचा बल्ब दुप्पट वाटतो, खर्च फारसा नाही. दुसरं, पुढच्या सीटना तीन पॉइंटचे बेल्ट, पण हूडच्या गाडीला वरचा पॉइंट पत्र्यात भोक पाडून घेऊ नका, तो झटक्यात फाटून येईल, मजबूत रोल बारवर किंवा मागून प्लेट दिलेल्या जागीच. तिसरं, फ्लोअरला आतून आवाज कमी करणारं मॅटिंग, मात्र पाणी निघायला प्लग मोकळे ठेवून.

पॉवर स्टिअरिंगचा मोह सगळ्यांना होतो. दुसऱ्या गाडीचा मोटरवाला कॉलम कापून जिप्सीच्या शाफ्टला वेल्ड करून देणारे आहेत. स्टिअरिंग शाफ्टवर वेल्डिंग असलेल्या गाडीत मी बसत नाही, एवढंच सांगतो. किंगपिन, टायरची हवा आणि स्टिअरिंग बॉक्सचं ऑइल नीट असेल तर जिप्सी इतकी जड लागत नाही.

टप्पा ११: पासिंग आणि पहिले ५०० किलोमीटर

पासिंगला जाताना फॉर्म २० आणि ओरिजिनल फॉर्म २१ सोबत लिलावाची पावती आणि डिलिव्हरी ऑर्डर, इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा असं सगळं फाइलमध्ये. गाडीचं वय तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून सुरू होत नाही हे लक्षात ठेवा, १५ वर्षांवरच्या खाजगी गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा आहे. गाडी टोइंगवरच न्यायची. नंबर आला की हाय सिक्युरिटी प्लेट.

मग पहिले ५० किलोमीटर घराभोवती. चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट परत आवळा, यू-बोल्ट हमखास सैल सापडतात. प्रत्येक फेरीनंतर चारही हबना हात लावून बघा, एकच खूप गरम असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. फोर व्हील डांबरी कोरड्या रस्त्यावर टाकून बघायची नाही, पुढचे-मागचे एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केस अडकते. नांगरलेलं शेत किंवा ओला माळ शोधा, तिथे फोर हाय, मग थांबून फोर लो. ५०० ला इंजिन ऑइल पुन्हा बदला, आणि डिफरन्शियलचे ऑइल काढायचे बोल्ट खोलून चुंबकाच्या टोकाला काय लागतंय ते बघा. काळी पेस्ट असेल तर चालेल, चमकणारे कण बोटाला टोचले तर गाडी परत घोडीवर.